रानातली पायवाट दर पावसाळ्यात वाहून जाते? खड्डा सोडा, आधी वर बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हेच होतंय का ते कळेल.

वाटेच्या मधोमध एक रेघ पडते. पहिल्या पावसाळ्यात ती बोटभर खोल असते, दुसऱ्या वर्षी वीतभर आणि तिसऱ्या वर्षी त्यात पाय मुरगळतो. झाडांची मुळं उघडी पडतात, बारीक माती निघून जाते आणि वर फक्त जांभ्याचे गोल सुटे खडे राहतात, ज्यांच्यावरून उतरताना चप्पल सरकते. चालणारा माणूस मग साहजिकच खड्ड्याच्या कडेने चालतो, तिथलं गवत मरतं, तिथेही रेघ पडते, आणि दोन फुटांची वाट बघताबघता आठ फुटांची होते. जिथे उतार संपतो तिथे लाल गाळाचा पंखा पसरलेला दिसतो. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची आहेत, पाणी वाटेवरून चालतंय.

एकाच जागी चिखल असेल, तोही दिवाळीपर्यंत न सुकणारा, तर ती भानगड वेगळी, त्याचं पुढे सांगतो. आणि वाटेच्या वरच्या बाजूला जमिनीला आडवी लांब भेग दिसत असेल तर मधलं सगळं सोडून सरळ शेवटच्या परिच्छेदांवर जा.

आमचं रान लांजा तालुक्यात, घरामागून थेट सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या खडकाळ पठारापर्यंत. रत्नागिरी जिल्ह्यात जे जंगल दिसतं ते बहुतेक खासगी मालकीचं आहे, त्यामुळे अशा वाटा सांभाळायला कुठलं खातं येत नाही, ते आपणच करायचं. आमच्या वाटेचा एकच तुकडा, जांभळीखालचा, सलग तीन वर्षं वाहून गेला. दर वर्षी मी मेमध्ये मुरूम टाकून तो भरायचो आणि जुलैपर्यंत तो मुरूम खालच्या आगरात, म्हणजे बागेत, जाऊन बसलेला असायचा. चौथ्या वर्षी गवंडीकाम करणारे एक काका बरोबर आले, मी खड्डा दाखवायला लागलो तर म्हणाले, "खड्डा कशाला बघतोस, वर चल." वर सत्तर-ऐंशी पावलांवर जुना गडगा, म्हणजे सुट्या दगडांची कुंपणभिंत, ढासळला होता आणि तिथून सड्याचं पाणी वाटेत शिरत होतं. खड्डा होता खाली, दुखणं होतं वर. त्यानंतर स्वतःच्या आणि आजूबाजूच्यांच्या रानात मी हाच बिघाड बऱ्याच वेळा दुरुस्त केलाय आणि जवळपास प्रत्येक वेळी गोष्ट हीच निघाली. म्हणून तपासणीचा क्रम सांगतो, फुकटातल्यापासून सुरुवात करा.

सगळ्यात पहिलं आणि फुकटचं काम म्हणजे भर पावसात वाट चालणे. रिमझिम नको, चांगला अर्धा-पाऊण तास कोसळलेला पाऊस हवा, जमीन भिजून पाणी वाहायला लागलं की निघायचं, विजा असतील तर मात्र थांबायचं. छत्री, काठी आणि जुन्या साडीच्या रंगीत चिंध्या घ्या. खालून वर जा, वरून खाली नको, कारण खालून वर जाताना पाणी तुमच्या समोरून येतं आणि ते कुठून आत शिरतंय ती जागा आपोआप सापडते. जिथे पाणी वाटेत शिरतं तिथे एक चिंधी बांधा, जिथे बाहेर पडतं तिथे दुसऱ्या रंगाची. दोघांमधलं अंतर म्हणजे तुमची धूप. माझ्याकडे पहिल्या दिवशी शिरायच्या जागा चार सापडल्या आणि बाहेर पडायची एकच, तीही पार खाली आगराजवळ. म्हणजे चार ठिकाणचं पाणी एकत्र होऊन एकाच वाटेवरून उतरत होतं, मग मुरूम टिकणार कसा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, हे विसरून चालत नाही.

पावसाळा हुकला असेल तर खुणा वाचा. पाण्याने वाहून आणलेला पाला झाडाच्या बुंध्याशी अडकलेला असतो, काटक्या सगळ्या एकाच दिशेने झोपलेल्या असतात, बारीक वाळू जिथे साचली तिथे पाणी मंद झालेलं असतं आणि जिथे नुसते खडे उरले तिथे ते जोरात होतं. एवढ्यावरून अर्धा अंदाज येतो, पण छत्री घेऊन बघितल्याची सर त्याला नाही.

दुसरं काम फावड्याचं, पैसे शून्य, अर्धा दिवस. वाटेची बाहेरची कड, म्हणजे दरीकडची बाजू, नीट बघा. चालून चालून वाट मधे दबते आणि बाहेरच्या कडेला मातीचा उंचवटा तयार होतो, वरून गवत उगवलं की तो छान मजबूत बांधासारखा दिसतो आणि लोकांना वाटतं हाच वाट धरून ठेवतोय. तोच वाटेचं गटार करतो. एक बाजू डोंगर, दुसरी बाजू हा उंचवटा, मधे पाणी, त्याला बाहेर जायला जागाच नाही. तो काढून टाका, पूर्ण लांबीभर काढला तर उत्तम, नाहीतर दर पंधरा-वीस फुटांवर तीन-चार फूट रुंद तोंडं तरी पाडा. तोंडं रुंदच हवीत, वीतभर चर काढलात तर पहिल्या सरीत पाल्याने बुजेल. काढलेली माती उताराच्या खाली लोटू नका, खाली रोपं असतात आणि ती माती शेवटी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जाते, वाटेतल्या खळग्यांत भरून धुम्मसाने चोपून घ्या.

आधी काढलेले चर असतील तर त्यांची तोंडं साफ करा. मिरगाच्या आधी एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा, एवढं केलं तरी पुष्कळ वाटा वाचतात. रानडुकरं कड उकरून चर बुजवतात, त्यामुळे एकदा केलं आणि झालं असं होत नाही. एक मात्र करू नका, वाटेवरचा पाला झाडून काढू नका. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा माती सुटते, पाला असला की तो मार पाला खातो. झाडून लख्ख केलेली वाट जास्त धुपते, हे मी शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत बघितलंय. फाल्गुन-चैत्रात वणव्याची भीती असेल तर सड्याला लागून जाळरेषेपुरता पाला काढा, उतारावर राहू द्या.

तिसरं, वरून येणारं पाणी तिथेच वळवा. ढासळलेला गडगा, बुजलेला जुना चर, शेजाऱ्याने नवीन केलेला रस्ता, आंब्याच्या कलमांसाठी सपाट केलेला सडा, यातलं काहीतरी सापडेलच. गडगा परत रचायला दोन माणसांचा दिवस लागतो. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीतून येत असेल तर आधी त्यांना पावसातच बोलावून दाखवा, कोरड्या दिवसात बोललात तर नुसता वाद होतो. आणि पाणी आपल्या रानातून वळवून दुसऱ्याच्या घरामागे सोडू नका, ते पसरट करून झाडीत सोडायचं, म्हणजे पाला-मुळांतून मुरत जातं.

मोटारसायकलचं इथेच सांगून टाकतो. ओल्या वाटेवरून बाइक गेली की चाकाच्या चाकोरीत पाणी धावतं आणि सगळी मेहनत एका महिन्यात जाते. जून ते ऑक्टोबर वाटेच्या तोंडाला बेडं घाला, दोन खांब आणि दोन आडवे बांबू, माणूस वाकून जाऊ शकतो, गाडी नाही.

इथपर्यंत करून एक पावसाळा जाऊ द्या. बऱ्याच वाटा एवढ्यातच सुधारतात. तरी रेघ पडतेच आहे असं दिसलं तर आता वाटेचा उतार मोजायची वेळ आली.

मोजायला मशीन लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, दहा फुटांची दोरी आणि दोन काठ्या पुरतात. दोरी ताणून दोन काठ्या उभ्या करा, नळीतलं पाणी दोन्हीकडे स्थिर झालं की खुणा करा आणि जमिनीपासूनच्या उंचीतला फरक बघा. दहा फुटांत एक फूट फरक आला तर चढ दहा टक्के. आपल्या लाल मातीत मी यापेक्षा जास्त चढ लांबवर ठेवत नाही, दहा-पंधरा पावलांचा एखादा तुकडा तीव्र असला तर चालतो. आता दुसरं माप घ्या, वाट सोडून सरळ डोंगराच्या उताराला, म्हणजे पाणी ज्या दिशेने आपणहून घरंगळेल त्या दिशेने. वाटेचा चढ या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. जगभर रानवाटा बांधणारे हाच ठोकताळा वापरतात आणि त्यामागचं कारण सोपं आहे, डोंगराचा उतार वाटेच्या उतारापेक्षा बराच जास्त असेल तर पाणी वाट ओलांडून खाली जातं, आणि दोन्ही उतार जवळजवळ सारखे असतील तर पाण्याला वाट हाच सोपा रस्ता वाटतो. म्हणून सड्यावरची जवळजवळ सपाट जागासुद्धा फसवी असते. तिथे वाट सरळ उताराच्या दिशेने गेली असेल तर चढ कमी असूनही ती धुपते, लोकांना याचं नवल वाटतं.

चढ बरा निघाला तर वाटेला बाहेरच्या बाजूला हलका कल द्या. चार फुटांच्या वाटेला बाहेरची कड आतल्यापेक्षा दोन-अडीच इंच खाली, बस. चालताना कळतही नाही, पाणी मात्र लगेच बाहेर जातं. यापेक्षा जास्त कल दिलात तर ओल्या पाल्यावर पाय घसरतो, आमच्या आईला चालता येईल एवढाच ठेवायचा हे माझं माप.

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं, ते म्हणजे वाटेत लवण घालणे. उतरत जाणाऱ्या वाटेला मधेच थोडंसं चढवायचं, म्हणजे पाण्याला तिथे थांबून बाहेर वळावंच लागतं. दहा-बारा फूट लांबीत वाट हळूहळू खोल करत न्या, निघालेली माती लगेच पुढे, उताराच्या बाजूला, दहा-पंधरा फूट लांब पसरून फूटभर उंचीचा चढ तयार करा आणि थराथराने चोपा. सगळ्यात खोल जागेतून बाहेरच्या कडेला रुंद तोंड ठेवा, कमीत कमी तीन-चार फूट. तोंडाखाली दोन-चार ओबडधोबड दगड पसरा म्हणजे पडणारं पाणी खड्डा करत नाही. झालेलं लवण डोळ्याला फारसं दिसत नाही, वाट नुसती लाटेसारखी वरखाली गेल्यासारखी वाटते. तपासायला कळशीभर पाणी वरच्या बाजूला ओता आणि बसून बघा. पाण्याचं लाल तोंड पाला ढकलत पुढे येतं, लवणात जरा रेंगाळतं, आणि मग बाहेर वळतं. वळलं नाही, सरळ पुढे चढून गेलं, तर पुढचा चढ कमी पडलाय. आमच्या जांभळीखालच्या तुकड्यावर असं दर पन्नास-साठ फुटांवर एक आहे. चढ जास्त असेल तर अंतर कमी करा, आणि पहिलं लवण खड्ड्याच्या वर, पाणी शिरतं त्या जागेजवळच घ्या.

पुष्कळ जण लवणाऐवजी वाटेत आडवा ओंडका पुरतात. तो पाणी वळवतो, पण आपल्याकडे वाळवी त्याला दोन-तीन वर्षांतच पोखरते आणि त्याच्यामागे गाळ साचला की पाणी वरून उडी मारतं आणि पलीकडे खड्डा पाडतं. करायचंच असेल तर दगडाचं करा, काळा दगड मिळाला तर बरं, जांभ्याचा मऊ चिरा पायांखाली झिजतो. सरळ आडवं नको, तिरकं, वरचं टोक डोंगराच्या आत घुसवलेलं आणि दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत.

वाट फारच चढी आहे आणि फिरवून न्यायला जागाही नाही, असं असेल तर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. कोकणातल्या जुन्या पाखाड्या बघा, भर उतारावर पिढ्यान्पिढ्या टिकल्यात. पायरी नुसती मातीवर ठेवलेली नसते, वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर बसलेली असते, त्यामुळे सगळा भार एकमेकांवर जातो आणि पाणी दगडावरून उतरतं, मातीला लागत नाही. काम सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू करायचं आणि तीच सगळ्यात मोठी हवी. सिमेंट नको, सांध्यातून पाणी निघून गेलं पाहिजे. जाणता गवंडी मिळाला तर त्याला द्या, मी स्वतः दोन पाखाड्या रचल्या आणि पहिली मला काढून परत करावी लागली.

आता त्या न सुकणाऱ्या चिखलाचं. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी तिथे पाणी पाझरतंय, शेवाळ आहे, अळू नाहीतर नेचे उगवलेत, तर तो झरा आहे. त्याला बुजवू नका, उपळट बुजवली की पाणी दुसरीकडून फुटतं. वाटेखाली फूटभर जाडीचे मोठे दगड, वर लहान दगड असा थर करा, पाणी दगडांतून आरपार जाईल आणि पाय कोरडे राहतील. वाट दहा-पंधरा फूट वरून नेता आली तर त्याहून चांगलं. पऱ्या ओलांडायचा असेल तर पावलाच्या अंतरावर मोठे पक्के दगड, गुडघ्यापेक्षा जास्त पाणी येणाऱ्या पऱ्यावर मात्र असले प्रयोग नकोत.

एवढं सगळं करून तोच तुकडा परत जात असेल तर वाट चुकीच्या जागी आहे हे मान्य करा. हे जड जातं, कारण ती वाट आजोबांच्या वेळची असते. पण बऱ्याच जुन्या वाटा गुरं चरायला नेताना पडलेल्या आहेत, कुणी आखलेल्या नाहीत. नवीन वाट आधी पाण्याच्या नळीने चुन्याच्या खुणा करून आखा, दोनदा चालून बघा, मगच कुदळ लावा. वाटेची पूर्ण रुंदी डोंगरात कापून घ्या, अर्धी कापून अर्धी भरावाची केलीत तर भरावाची बाजू पहिल्याच पावसात बसते. वळणं उताराला आडवी. मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याजवळून कापत नेऊ नका, ऐन-किंजळीची मुळं तुटली की दोन-तीन वर्षांनी झाड वाळायला लागतं आणि तीच मुळं उतार धरून असतात. खोदकाम दिवाळीनंतर लगेच, माती ओलसर असताना. मार्चनंतर जांभ्याच्या मातीत पहार उडते, आणि मेमध्ये खोदलेली सुटी माती मिरगाच्या पहिल्या पावसात खाली जाते.

जुनी वाट नुसती सोडून देऊ नका, ती पाणी वाहतच राहते. घळीत थोड्या थोड्या अंतरावर अनघड दगडांचे छोटे बांध घाला, मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा खोलगट ठेवा नाहीतर पाणी बाजूने कापतं. तोंडाला काटेरी फांद्या टाका, कडेला वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरतात.

आता कुठे थांबायचं. जेसीबी बोलवायचा विचार आला की थांबा आणि आधी सातबारा काढा. इतर हक्कांत खासगी वनाची नोंद असेल तर १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याचा आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा प्रश्न येतो, तलाठी आणि वनपाल दोघांना विचारल्याशिवाय एक बकेट उचलू नका. झाड पाडायचं असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी बघा, मालकीचं झाड आहे म्हणून चालत नाही. कंबरेपेक्षा उंच आधारभिंत, वाहत्या पऱ्यावरचा साकव म्हणजे छोटा पूल, मोरीचा पाइप, ही कामं सिव्हिल इंजिनियरची. पाइप लहान पडला तर अख्खी वाट धरणासारखी फुटते आणि खाली कुणाचं तरी घर असतं.

आणि ही शेवटची लक्षणं नीट लक्षात ठेवा. उताराला आडवी भेग, विशेषतः दर पावसात रुंदावणारी. सरळ उभी झाडं एकाच दिशेने कललेली. कोरड्या जागी अचानक फुटलेला झरा, किंवा नेहमीचा झरा एकदम गढूळ झाला किंवा बंद पडला. जांभ्याखाली चिकट मातीचा थर असतो, त्यात पाणी मुरलं की वरचा अख्खा उतार सरकू शकतो, तिथे चर आणि लवणं काही कामाची नाहीत, उलट चर खोदून तुम्ही पाणी आत घालाल. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, या तिन्ही गावांवर दरड जुलैच्याच पावसात कोसळली. पाऊस उघडल्यावर तहसीलदारांना लेखी अर्ज द्या आणि भूवैज्ञानिकाकडून पाहणी मागा. पण पाऊस चालू असताना यातलं एकही लक्षण दिसलं तर फोटो काढायला वर चढू नका, फावडं तिथेच टाका, उतरताना तो उतार टाळून कडेने उतरा, त्याच्या मधून नाही, खालच्या घरांतल्या माणसांना बाहेर काढा आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर नाहीतर ११२ वर फोन लावा.